शेफर्ड्स हट मार्चमध्ये घ्यावी, ऑगस्टमध्ये नाही

इंग्लंडमधल्या शेतांवर राहायला मिळणाऱ्या शेफर्ड्स हटचे, म्हणजे मेंढपाळाच्या चाकांवरच्या खोलीचे, फोटो बघा, जवळपास सगळे जून-जुलैतले असतात. पायऱ्यांशी रानफुलं, दार सताड उघडं, बाहेर दोन खुर्च्या. भाडंही तेव्हाच सगळ्यात चढं. पण ही खोली उन्हाळ्यासाठी बनलेलीच नाही. फेब्रुवारी ते एप्रिल मेंढ्या वितात. त्या दिवसांत मेंढपाळाला रात्रंदिवस शेतातच राहता यावं, म्हणून ही लोखंडी चाकांची गाडी घोड्यांनी ओढून तिथे नेत. एका कोपऱ्यात शेगडी, टोकाला झोपायची फळी, फळीखाली अशक्त कोकरांसाठी जाळीचा खण. दोन्ही बाजूंना लहान खिडक्या, म्हणजे उठून बाहेर न जाता कळप दिसावा. दार मधोमध आडवं कापलेलं, म्हणजे वरचा अर्धा उघडून नजर टाकता यावी आणि खालच्या अर्ध्याने वारा अडावा. आज या हटमध्ये जे जे चांगलं वाटतं ते सगळं थंडीशी झगडण्यातून आलं आहे. म्हणून आमचं मत आधीच सांगतो: आठवड्यातल्या मधल्या दिवशी, मार्चमध्ये किंवा ऑक्टोबरमध्ये, शेगडी असलेली हट घेतली तर पैसे वसूल. ऑगस्टच्या शनिवारी घेतली तर पत्र्याच्या डब्यात झोपण्याचे दीडपट पैसे.

चाकं का, याला शेतीचं कारण होतं. डॉर्सेट, विल्टशर, हॅम्पशर, ससेक्स या चुनखडीच्या टेकड्यांच्या भागात जमीन हलकी. तिथे मेंढ्यांना लाकडी ताट्यांच्या कुंपणात कोंडून सलगमाच्या शेतात बसवत. खाणं तिथेच, खतही तिथेच. कुंपण पुढे सरकलं की हटही सरकायची. अँडोव्हरचे टास्कर, कूम बिसेटचे फॅरिस, ब्रॅटनचे रीव्ह्ज अशा कारखान्यांची नावं जुन्या चाकांच्या तुंब्यावर ओतलेली सापडतात. दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत संपली आणि बऱ्याच गाड्या कोंबड्यांच्या खुराड्यात नाहीतर चाऱ्याच्या कोठारात गेल्या. आता दिवस पालटले आहेत. माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमरन यांनी २०१७ मध्ये लिहिण्यासाठी अशी एक नवी हट २५,००० पौंडांना घेतली, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांची भरपूर थट्टा केली.

भाड्याने मिळणाऱ्या हट बहुतेक नव्याच असतात आणि ते बरंच आहे. जुनी अस्सल हट सहा-सात फूट रुंद, उबेसाठी भिंतीत काही नाही. जाहिरातीत 'मूळ' असं लिहिलेलं असेल तर अनेकदा चाकं आणि सांगाडा तेवढा जुना आणि वरचं सगळं नवं असतं. झोपायला ते सोयीचंच, पण इतिहासासाठी जास्त पैसे मागितले तर विचारून घ्यावं.

सगळ्यात आधी विचारायचा आकडा म्हणजे रुंदी. लांबी सगळे कौतुकाने सांगतात, १६ फूट, १८ फूट, २० फूट. रुंदी कोणी लिहीत नाही, आणि झोप तिच्यावर ठरते. पलंग बहुधा टोकाला आडवा बसवलेला असतो, म्हणजे पलंगाची लांबी ही हटची आतली रुंदी. बाहेरून ७ फूट असेल तर भिंतींची जाडी जाऊन आत १९० सेंटिमीटरच्या आसपास उरतात. गादी त्यात चपखल बसते आणि सहा फुटी माणसाचं डोकं एका भिंतीला तर तळवे दुसऱ्या भिंतीला. ८ फुटी हटमध्ये आत २२० सेंटिमीटरच्या आसपास मिळतात, तिथे हा प्रश्न नाही. आडव्या पलंगाची दुसरी गंमत अशी की भिंतीकडे झोपणाऱ्याला रात्री उठायचं झालं तर जोडीदाराला ओलांडून जावं लागतं. ज्याला रात्री उठावं लागतं त्याने बाहेरच्या कडेला झोपावं, एवढं आधीच ठरवून टाकावं. लहान मुलांसाठी वरचा बंक असतो. त्याला कठडा किती उंच आहे ते फोटोत दिसत नाही, विचारा. पायऱ्या चार-पाच असतात, उभ्या आणि पावसात निसरड्या. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी ही जागा नव्हे.

आत चालताना हट डोलत असेल तर ती नुसत्या चाकांवर उभी आहे. चार कोपऱ्यांना जॅक किंवा ठोकळे लावून वजन त्यांच्यावर घेतलं की डोलणं थांबतं. मालकाला सांगितलं तर दहा मिनिटांचं काम आहे. पाहुणे सांगत नाहीत आणि परीक्षणात एक तारा कमी करतात.

आता शेगडी. खरे पैसे हिचेच. भिंतींमध्ये बहुधा मेंढीच्याच लोकरीचा थर असतो, आतली जागा बारा चौरस मीटरच्या आसपास, आणि शेगडी तीन ते चार किलोवॅटची. एवढ्या लहान जागेला ही ताकद भरपूर झाली. म्हणूनच सगळ्यात जास्त होणारी चूक ही की रात्री दहाला शेगडी ठासून भरायची. अकरा वाजता अंगातून घामाच्या धारा, दार उघडं, आणि पहाटे चारला विझलेली शेगडी व नाकाचा शेंडा गार. पद्धत अशी: हवेच्या दोन्ही झडपा पूर्ण उघडा. तळाला दोन बारीक ओंडके शेजारी शेजारी, त्यांच्यावर सात-आठ चिपाट्या उभ्या-आडव्या, सगळ्यात वर पेटवणी. हो, वर. वरून पेटवलं की धुराडं आधी तापतं, ओढ धरतं आणि खोलीत धूर येत नाही. दार दोन-तीन मिनिटं बोटभर उघडं ठेवा, मग लावा. लाकडं धडधडून पेटली की खालची झडप बंद करा आणि वरच्या झडपेने जाळ आवरा. त्यानंतर पाऊण तासाला एकच ओंडका. झोपण्यापूर्वी शेवटचा ओंडका नीट पेटू द्या आणि झडप पूर्ण बंद करू नका. पूर्ण बंद केलं तर लाकूड जळत नाही, धुमसतं. काच काळी होते, धुराड्यात काजळी धरते, आणि अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही.

म्हणून छताजवळ धुराचा आणि पलंगाच्या बाजूला कार्बन मोनॉक्साइडचा असे दोन अलार्म आहेत का ते आत पाऊल टाकल्यावर पहिलं बघायचं. बटण दाबून वाजवूनच बघा. भिंतीत किंवा जमिनीत एक जाळी कायम उघडी ठेवलेली असते. तिच्यातून गार वारा येतो म्हणून पाहुणे तिथे टॉवेल कोंबतात. तीच शेगडीची हवा आहे. बाहेरचं बार्बेक्यू, विझल्यासारखं दिसलं तरी, पावसात आत आणून ठेवू नये. निखारे बराच वेळ तोच वायू सोडत राहतात.

लाकडाची एक अडचण कुठल्याच जाहिरातीत नसते. गावातल्या दुकानात मिळणारे ओंडके बहुधा २५ सेंटिमीटर लांब असतात आणि हटमधल्या शेगडीत १५ ते २० सेंटिमीटरच मावतात. तिरपा घुसवला तर दार लागत नाही, काच तडकते. तेव्हा लाकूड शेतावरूनच घ्यावं, जाळीची एक पिशवी सहा ते नऊ पौंडांना जाते, थंडीत रात्रीला एक लागते. पहिली टोपली बहुतेक ठिकाणी भाड्यातच असते. मे २०२१ पासून इंग्लंडमध्ये दोन घनमीटरपेक्षा कमी लाकूड विकायचं तर त्यात ओलावा २० टक्क्यांच्या आत असावा लागतो आणि पिशवीवर 'रेडी टू बर्न'ची खूण लागते. कुंपणाकडेला पडलेल्या फांद्या गोळा करून जाळायचा मोह होतो. त्या ओल्या असतात, शिवाय साळिंदराचा धाकटा भाऊ शोभेल असा हेजहॉग बऱ्याचदा त्याच ढिगात झोपलेला असतो. काच काळी झालीच तर ओल्या कागदावर थोडी राख घेऊन घासावी, निघते. राख नेहमी झाकणाच्या लोखंडी बादलीत, आणि बादली दगडावर. लाकडी पायरीवर ठेवलेल्या 'गार' राखेतला निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो.

वीज बहुतेक हटना १६ अँपिअरच्या जोडणीतून येते. २३० व्होल्टने गुणा, ३,६८० वॉट. किटली ३,००० वॉट, हेअर ड्रायर २,०००, हीटर २,०००. यातलं कुठलंही एक चालेल, दोन एकत्र लावले की अंधार. ट्रिप झालेलं बटण हटच्या आत नसून कधी कधी बाहेर खांबावरच्या खोक्यात असतं, आणि ते नेमकं रात्री अकराला, पावसात शोधावं लागतं. आल्या आल्या दाखवून घ्या.

गरम पाण्याचंही गणित मांडून बघावं. सिंकखाली १५ लिटरची टाकी असेल आणि ती ६५ अंशांवर असेल, तर मार्चमधल्या ८ अंशांच्या पाण्यात मिसळून अंघोळीजोगं, ३९ अंशांचं पाणी साधारण २७ लिटर होतं. शॉवर मिनिटाला ६ लिटर सोडतो. म्हणजे साडेचार मिनिटं. टाकी १० लिटरची असेल तर तीन. पुन्हा तापायला २ किलोवॉटच्या कॉइलला अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासात किटली लावू नका, कारण वरचा परिच्छेद. गॅसवर चालणारा गीझर असेल तर पाणी संपत नाही, मात्र टाकीचा रंग बघा. निळी टाकी ब्युटेनची, आणि ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचं थांबतं. थंड पहाटे गीझर आणि चूल दोन्ही ढिम्म. लाल टाकी प्रोपेनची, ती उणे चाळीसपर्यंतही चालते. थंडीत निळी टाकी लावणाऱ्या मालकाने हिवाळी पाहुण्यांचा फारसा विचार केलेला नाही असं समजावं. कडाक्याच्या थंडीत नळाला येणारा उघडा पाइप गोठतो. आदल्या रात्री किटली आणि एक भांडं भरून ठेवलं की सकाळच्या चहाची चिंता नाही. काही शेतं याच कारणाने, आणि ओल्या गवतात गाड्या रुततात म्हणून, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हट बंदच ठेवतात.

संडास आतच आणि फ्लशचा असेल तर काही सांगायला नको. कंपोस्टचा असेल तर नीट वाचा. चांगल्या कंपोस्ट संडासात लघवी पुढच्या खळग्यातून वेगळी जाते आणि मागे फक्त कोरडं पडतं. वर मूठभर लाकडाचा भुसा. कोरडं राहिलं की वास जवळपास येत नाही. पाणी मागच्या बाजूला गेलं की दोन दिवसांत सगळं आंबतं. पाणी वापरायची सवय असणाऱ्यांनी मग काय करायचं? मालकाला सरळ विचारायचं. काही ठिकाणी शेजारच्या शॉवरच्या मोरीचा उपाय असतो, काही ठिकाणी काहीच नाही, आणि तिथे ओल्या टिश्यूंची पाकिटं नेली तर ती भुशात न टाकता कचऱ्यात टाकावी लागतात. पुरुषांनीही बसूनच, हे तिथे पाटीवर लिहिलेलं असतं. तो विनोद नाही. संडास हटपासून किती पावलांवर, हाही आकडा विचारा. पन्नास पावलं जुलैत काहीच नाहीत, मार्चच्या पावसात खूप आहेत.

स्वयंपाकाला दोन बर्नर, ओव्हन क्वचित, फ्रिज गुडघ्याएवढा. आत फोडणी दिली की धुराचा अलार्म वाजणार आणि गादीला दोन दिवस हिंगाचा वास राहणार, त्यामुळे ती बाहेर अग्निकुंडावर द्यावी. वाफेचा विचार थंडीत जास्त करावा लागतो. दोन माणसं रात्रभरात श्वासातून सुमारे अर्धा लिटर पाणी हवेत सोडतात, त्यात उकळतं पातेलं आणि शॉवर. सकाळी खिडक्यांवरून ओघळ येतात, भिंतीला टेकलेली उशी ओली लागते. शेगडी चालू असतानाच एक खिडकी बोटभर उघडी ठेवली की फरक पडतो.

लाकडं जाळून तापवायच्या हॉट टबसाठी, म्हणजे बाहेरच्या गरम पाण्याच्या मोठ्या टबसाठी, रात्रीला तीस-पन्नास पौंड जास्त पडतात. उन्हाळ्यात ते घालू नयेत आणि थंडीत घालायचे तर वेळ राखून घालावेत. टबात १,२०० लिटर पाणी असलं आणि ते ८ अंशांवरून ३८ वर न्यायचं असलं तर जवळपास ४२ किलोवॉट-तास उष्णता लागते. वीस किलोवॉटची भट्टी कागदावर दोन तासांत करेल, वाऱ्यात साडेतीन लागतात. चार वाजता पोचून पाचला टबात बसायचं स्वप्न त्यामुळे मोडतं. मालक आधीच पेटवून ठेवतो का, हे आरक्षणाच्या वेळी लिहून घ्या. झाकण शेवटपर्यंत काढू नका, मधून मधून पाणी ढवळा, नाहीतर वर कढत आणि खाली गार. भट्टीच्या वरपर्यंत पाणी नसेल तर ती कधीही पेटवू नये, जोड वितळतात आणि अनामत रक्कम जाते.

मार्चमध्ये जायचं दुसरं कारण बाहेर चरत असतं. हल्ली बऱ्याच मेंढ्या गोठ्यात वितात आणि एक-दोन दिवसांनी पिलांसह कुरणात सोडतात. मेंढीच्या कुशीवर आणि तिच्या कोकरांवर रंगाने एकच आकडा मारलेला असतो, कोणाचं कोण हे दुरून कळावं म्हणून. खिडकीत बसून आकडे जुळवण्यात सकाळ जाते. एकटं पडलेलं कोकरू बहुतेक वेळा झोपलेलं असतं; उचलू नका, आकडा बघून मालकाला कळवा. मात्र एखादी मेंढी पाठीवर उलटी पडून पाय झाडत असेल तर ते गंभीर आहे. गाभण किंवा लोकरीने जड झालेल्या मेंढीला स्वतःहून उलटता येत नाही, काही तासांत ती मरते. मालकाला फोन करा. तो उचलत नसेल तर कुशीची लोकर दोन्ही हातांनी घट्ट धरून तिला पायांवर लोटा आणि तोल सावरेपर्यंत मिनिटभर धरून ठेवा.

गरोदर बाईने मात्र या दिवसांत अशा शेतावर जाऊच नये. विणाऱ्या मेंढ्यांकडून गर्भाला धोका पोचवणारे संसर्ग होतात आणि तिथली आरोग्य यंत्रणा दर वर्षी हेच बजावते. जोडीदाराने गोठ्यात घातलेले कपडे हाताळणंही टाळावं. इतरांनी कोकराला हात लावला की साबण आणि वाहतं पाणी. सॅनिटायझर जेल पुरेसं नाही. कुत्रा बरोबर असेल तर खुल्या रानात १ मार्च ते ३१ जुलै त्याला दोन मीटरच्या आतल्या दोरीवर ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. वासरं असलेल्या गाई अंगावर आल्या तर कुत्र्याला सोडून द्यावं, तो वाचतो.

उन्हाळ्याची बाजू थोडक्यात. जूनमध्ये दक्षिण इंग्लंडात पावणेपाचला सूर्य उगवतो आणि हटचे पडदे सहसा तोकडे. दुपारी पन्हळी पत्रा तापतो. जुलै-ऑगस्टमध्ये कापणीचं यंत्र रात्री उशिरापर्यंत चालतं, कारण पाऊस यायच्या आत पीक काढायचं असतं. तक्रार करण्यात अर्थ नाही, शेत त्यांचं आहे. माश्या असतात. उंच गवतात गोचिडी, त्या काढायचा छोटा हूक खिशात हवा. तारेही दिसायला उशीर, अकरापर्यंत आकाशात उजेड रेंगाळतो. मार्चच्या मध्याला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि आठला गडद अंधार. एक्समूर २०११ पासून, नॉर्थम्बरलँड २०१३ पासून, साउथ डाउन्स २०१६ पासून आणि क्रॅनबोर्न चेस २०१९ पासून गडद आकाशाचे मान्यताप्राप्त प्रदेश आहेत. तिथल्या हट चांगल्या, फक्त अमावास्येच्या आठवड्यात घ्या आणि शेतकऱ्याचा यार्डातला दिवा रात्री बंद होतो का ते विचारा.

पोचण्याबद्दल. खेड्यातला पोस्टकोड एकाच वेळी अनेक शेतांना लागतो, आणि गाडीचा नकाशा त्यांच्या मधोमध कुठल्या तरी बोळात नेऊन सोडतो. मालकाने पाठवलेल्या खुणा फोनमध्ये साठवून ठेवा, कारण शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये रेंज जाते. अंधार पडायच्या आत पोचा. बसच्या भरवशावर राहू नका, टॅक्सी आदल्या दिवशीच सांगून ठेवावी लागते. मोठी दुकानं रविवारी सहाच तास उघडी असतात, दहा ते सहाच्या मधली. पबचं स्वयंपाकघर साडेआठ-नऊला बंद, रविवारी रात्री आणि सोमवारी अनेकदा बंदच. रविवारी संध्याकाळी पोचणार असाल तर जेवण बरोबर असू द्या. चालायला ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५,००० नकाशा घ्या. हिरव्या तुटक रेषा म्हणजे सर्वांना खुल्या पायवाटा.

भाडं ढोबळमानाने मार्चमध्ये आठवड्याच्या मधल्या दिवशी ८० ते ११० पौंड, ऑगस्टच्या शनिवार-रविवारी १३० ते १७०, आणि तेही किमान दोन रात्री. शाळांच्या सुट्ट्या टाळा, विशेषतः ईस्टरचे दोन आठवडे, तेव्हा मार्च-एप्रिलचं भाडंही ऑगस्टएवढं होतं. आरक्षणाआधी मालकाला एकच निरोप पाठवा: आतली रुंदी किती, गरम पाण्याची टाकी किती लिटरची, गॅस निळा की लाल, संडास कुठला आणि किती पावलांवर, शेगडीत किती लांबीचं लाकूड मावतं. ज्याला हे तोंडपाठ असतं त्याच्या हटमध्ये सहसा काही अडत नाही. 'सगळ्या सोयी आहेत' एवढंच उत्तर आलं तर दुसरं शेत बघा.

निघायची वेळ दहा किंवा अकरा. शेगडीत सकाळी नवा ओंडका घालू नका, गॅस टाकीपाशी बंद करा, ओली चादर पलंगावर न ठेवता खुर्चीवर टाका. आणि बाहेर पडताना शेताचं फाटक जसं होतं तसं: बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडंच, कारण पलीकडे मेंढ्यांचं पाणी असू शकतं.